‘आधी सोडून ये, मग बघू’: गरोदर बायांच्या व्यसनाविषयी खुले पत्र

प्रति,
सांगली जिल्ह्यातल्या माता-बाल आरोग्याचा कारभार पाहणारे सर्व अधिकारी व लोकप्रतिनिधी यांस,

स. न. वि. वि.

मी पलूस तालुक्यात पंधरा वर्षं आशा म्हणून काम केलं. माहेर जत तालुक्यातलं. गेल्या वर्षी गुडघ्यांच्या दुखण्यामुळे काम सोडलं. हे पत्र तुमच्या कार्यालयांना टपालानं पाठवलं आहेच. पण आवक-जावक रजिस्टरात नोंद होऊन फाईलला लागलेली पत्रं मी पुष्कळ पाहिली आहेत, म्हणून ते लोकांपुढेही ठेवते.

चार महिन्यांपूर्वी एका बैठकीला मला जुनी कार्यकर्ती म्हणून बोलावलं होतं. तिथं मी एवढंच म्हणाले, की गरोदरपणात मिसरी (भाजलेली तंबाखू) लावणाऱ्या, दारू पिणाऱ्या, नशेच्या गोळ्या घेणाऱ्या बायांसाठी तालुक्याला निदान एक समाजसेवा कार्यकर्ती द्या. उत्तर मिळालं, “असल्या बायका आपल्याकडे कितीशा? आणि असल्या तर त्यांना सांगा, आधी सोडून ये, मग बघू.” बोलणाऱ्या साहेबांचं नाव मी लिहीत नाही. माझं भांडण एका माणसाशी नाही. हेच वाक्य मी पंधरा वर्षांत कितीतरी जणांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि त्या वाक्यानं काय होतं ते डोळ्यांनी पाहिलं आहे. ते आता गप्प बसून ऐकून घेणं मला जमणार नाही.

ज्या मुलीमुळे बैठकीत तोंड उघडलं तिचं आधी सांगते. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय बावीस. नवरा रात्रीच्या गाडीवर ड्रायव्हर. त्याच्याजवळच्या झोपेच्या गोळ्यांतली एक तिनं अंगदुखीला म्हणून घेतली. पुढं एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या पाच. दिवस गेले तेव्हा ती घाबरली, पण घरात सांगणार कुणाला? सातवा महिना लागल्यावर बहिणीला घेऊन ती स्वतःच्या पायानं एका व्यसनमुक्ती केंद्रात गेली. तिथं सांगितलं, “पोटुशी बाई आम्ही घेत नाही. बाळंतपण झालं की या.” मग ती दवाखान्यात गेली. तिथं तिला रांगेतल्या सगळ्या बायांसमोर विचारलं गेलं, “गोळ्या खातेस? पोटात लेकरू असताना? आधी सोडून ये, मग बघू.”

पोरीनं ऐकलं. घरी गेली आणि त्याच दिवशी सगळ्या गोळ्या मोरीत टाकल्या. तिसऱ्या दिवशी तिला झटके आले.

झोपेच्या गोळ्यांची सवय जुनी असली की त्या एकदम तोडता येत नाहीत. डॉक्टरांच्या नजरेखाली, थोड्या थोड्या कमी कराव्या लागतात. एकदम तोडल्या तर झटके येऊन माणूस दगावू शकतो. हे मला नंतर एका मानसोपचार तज्ज्ञांनी समजावून सांगितलं. तिला मात्र दोन्ही दारांत कुणीच सांगितलं नव्हतं. झटके आल्यावर घरच्यांनी तिला तिसऱ्याच ठिकाणी नेलं. सातव्या महिन्यातली बाई, झटके येतायत, म्हणजे रक्तदाबाचे झटके असं तिथल्या डॉक्टरांनी धरलं. त्यात त्यांची चूक नव्हती. गोळ्यांचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, कारण एकदा सांगून जो अपमान झाला होता तो बहिणीच्या मनात ताजा होता. रात्री अकरा वाजता तिनं मला फोन केला. मी म्हटलं, “आत जा आणि डॉक्टरांना सगळं सांग, आत्ताच्या आत्ता.” तिनं सांगितलं, उपचार बदलले. मूल वेळेआधी झालं, एक किलो सहाशे ग्रॅमचं. एकोणीस दिवस काचेत होतं. जगलं.

पण ते आज आईजवळ नाही. “नशा करणारीच्या हातात आमचा वंश देणार नाही,” म्हणून सासूनं ते ठेवून घेतलं आहे. पोरगी माहेरी आहे. गोळ्या सुटल्या आहेत. छातीत दूध दाटायचं तेव्हा ते पिळून मोरीत सोडताना तिला मी पाहिलं आहे. नवरा गोळ्या घेतो तो अजून घेतोच, आणि लेकरू त्याच्याच घरात आहे.

आता ‘कितीशा’ या प्रश्नाचं उत्तर.

साहेब, तुमच्या मनात व्यसनी बाई म्हटलं की गोळ्या खाणारी, सुई टोचून घेणारी कुणी शहरातली बाई येत असेल. तशाही आहेत, आणि वाढतायत. २०२४ च्या मार्चमध्ये आपल्याच जिल्ह्यात, कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत एमडी हा नशेचा पदार्थ बनवण्याचा कारखाना पकडला गेला, तेव्हा सगळा जिल्हा हादरला होता. पण माझ्या गावातल्या बायांचं व्यसन चुलीवर तयार होतं. बाजारातून तंबाखू आणायची, तव्यावर काळी पडेस्तोवर भाजायची, चुरायची आणि डबीत भरून ठेवायची. ती मिसरी. सकाळी उठल्या उठल्या बोटानं दाताला, हिरड्यांना लावायची, तोंडात धरायची, मग थुंकायची. त्याशिवाय पोट साफ होत नाही, असं बाया म्हणतात. दुपारी भाकरीनंतर एकदा, रानात कंटाळा आला की एकदा, रात्री निजताना एकदा. २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १७ टक्के बाया कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेतात असं दिसलं होतं. आमच्याकडे याला कुणी व्यसन म्हणत नाही. ‘दात घासते’ म्हणतात. त्यामुळे “काही व्यसन आहे का?” असं विचारलं तर बाई मनापासून “नाही” म्हणते. ती खोटं बोलत नसते.

मीही लावायची. तेराव्या वर्षी दाढ दुखत होती, आजीनं लावायला दिली. लग्न होऊन या गावी आले तेव्हा माहेरच्या पेटीत मिसरीची डबी होती. १९९८ साली पहिल्या वेळी दिवस गेले. मळमळ इतकी, की पाणी पोटात राहीना, आणि मिसरी लावली की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. दिवसातून सात-आठ वेळा लावायला लागले. आठव्या महिन्यात मुलगा झाला, एक किलो आठशे. नऊ दिवस होता. मिसरीमुळेच गेला असं मी आज छातीठोकपणे म्हणणार नाही. माझ्या अंगात रक्तही कमी होतं, आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत मी भांगलायला जात होते. पण त्या आठ महिन्यांत मला तपासणाऱ्या एकानंही, एकदाही, “ताई, मिसरी लावता का?” असं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी हो म्हणाले असते. तेव्हा त्यात लपवण्यासारखं काही आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

पुढं आशा झाले, वाचायला लागले. मुंबईत १,२१७ गरोदर बायांचा पाठपुरावा करून केलेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला होता. त्यातल्या तंबाखू घेणाऱ्या बाया मुख्यतः मिसरीच लावणाऱ्या होत्या, आणि त्यांच्या बाळांचं वजन इतरांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं होतं. वेळेआधी होणारी बाळंतपणंही त्यांच्यात जास्त होती. त्याच बायांवरच्या पुढच्या लेखात पोटातच दगावलेल्या बाळांचं प्रमाणही जास्त दिसलं. १०५ ग्रॅम म्हणजे कुणाला काहीच वाटणार नाही. ज्या बाईचं मूल अडीच किलोच्या रेषेवर लटकलेलं असतं तिला विचारा. तंबाखूतलं निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं, वारेतून बाळाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी होतो. हे त्या वेळी कुणी मला दोन वाक्यांत सांगितलं असतं तर पुरे होतं.

ऊसतोडीच्या बायांचं आणखी वेगळं. दिवाळीच्या सुमारास टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली असते, खाडा झाला की पैसे कापले जातात, त्यामुळे सातवा असो की आठवा, मोळी डोक्यावर असतेच. पहाटे भूक मारायला मिसरी, संध्याकाळी अंग ठणकतं म्हणून नवऱ्याच्या बाटलीतला घोट. पोटातल्या बाळाला दारूची कुठलीच मात्रा सुरक्षित नाही, हे त्यांना कोण सांगणार? त्यांचं नाव आमच्या गावच्या यादीत नसतं, आणि त्यांच्या गावात त्या नसतात. एका वर्षी अशी एक बाई कळा सुरू झाल्यावर दवाखान्यात गेली. तोंडाला दारूचा वास होता. तिथल्या दोघींनी बाकीच्यांना हाक मारून दाखवलं, “ही बघा, पिऊन बाळंत व्हायला आलीय.” ती उठली आणि नवऱ्याबरोबर परत कोपीवर, टोळीच्या झोपडीवर आली. पहाटे उसाच्या पाचटावर बाळंत झाली. मला बोलावलं तेव्हा वार पडलेली नव्हती, रक्त जात होतं. १०८ ला फोन केला, गाडी वेळेत आली म्हणून वाचली. “परत तिथं नेऊ नका,” एवढंच ती गाडीत चढताना म्हणत होती.

माझ्या तक्रारी आता मांडते. त्या तुम्हाला नवीन वाटणार नाहीत.

पहिली तक्रार विचारण्याची. तीस वर्षांवरच्या माणसांसाठी आम्ही आशा एक तपासणीचा फॉर्म भरतो, ‘सीबॅक’ म्हणतात त्याला. त्यात तंबाखू घेता का, दारू पिता का हे प्रश्न आहेत, उत्तराला गुण आहेत. म्हणजे प्रश्न कसा विचारायचा हे आम्हाला शिकवलेलं आहे. पण आमच्याकडच्या मुली पहिलटकरीण होतात एकोणीस-वीसाव्या वर्षी. त्या या फॉर्ममध्ये येतच नाहीत. मी भरलेल्या गरोदर मातांच्या नोंदींत वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, धनुर्वाताचं इंजेक्शन, लोहाच्या गोळ्या सगळं काटेकोर असायचं. मिसरीची नोंद करायला जागा शोधावी लागायची. मी ती समासात पेन्सिलीनं करायची. पंधरा वर्षांत वरच्या कुठल्याही साहेबांनी त्या पेन्सिलीबद्दल मला विचारलं नाही.

दुसरी तक्रार ओरडण्याची, आणि हिचंच मला सगळ्यांत जास्त दुःख आहे. आपल्याकडे बाईला रागावणं म्हणजेच समुपदेशन असं झालं आहे. “लेकराचा जीव घेशील” म्हटलं की आपलं काम झालं. पण रागावून मिसरी सुटलेली एकही बाई मी पाहिलेली नाही. रागावल्यावर बाई एकच करते. पुढच्या तपासणीला येत नाही, किंवा येताना चूळ भरून, बडीशेप खाऊन येते. एका बाईनं मला सांगितलं होतं, “आशाताई, तुमी इच्यारता म्हून सांगते. नर्सबाईला सांगितलं तर ती समद्या गावात करंल.” ती बाई पाच महिने तपासणीला गेली नव्हती. नर्सबाईंनाही मी पूर्ण दोष देत नाही. चार-पाच हजार लोकसंख्या, लसीकरण, ऑनलाइन नोंदी, मिटिंगा. बसून ऐकून घ्यायला त्यांना वेळ कुठला? पण मग ऐकून घ्यायला दुसरं कुणी तरी हवं की नको?

तिसरी, दोन दारांची. व्यसनमुक्तीवाले म्हणतात बाळंतपणानंतर या, बाळंतपणवाले म्हणतात व्यसन सोडून या. मधले नऊ महिने बाईनं कुठं जायचं? जिल्ह्यात व्यसनमुक्तीची पाटी दिसते तिथं पुरुषांच्या खाटा. पुण्यात मुक्तांगणनं ‘निशिगंध’ हा बायांसाठी वेगळा विभाग चालवून दाखवला आहे. पण सांगलीहून पुणं सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढं. घरात दोन वर्षांचं एक लेकरू, गोठ्यात म्हैस. कोण जाऊ देईल तिला?

चौथी भीतीची. बायांना वाटतं, सांगितलं तर पोलीस येतील, बाळ काढून घेतील. मिसरीला तर पोलिसांचा संबंधच येत नाही. अमली पदार्थांच्या बाबतीतही १९८५ च्या कायद्यात ६४-अ हे कलम आहे. स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण देण्यासाठीच ते आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनातून होणारे आजार मानसिक आजारात धरले आहेत. त्याच कायद्याच्या २१ व्या कलमात म्हटलं आहे, की आई मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेत असताना तिचं तीन वर्षांखालचं मूल सहसा तिच्यापासून तोडू नये. ही कलमं मी एका वकीलबाईंकडून समजून घेतली. बारावी शिकलेल्या आशाला ती समजतात. मग दवाखान्याच्या भिंतीवर ती सोप्या मराठीत का लागत नाहीत? आईला एखादी संस्था सुद्धा बाळापासून सहज तोडू शकत नाही, मग घरात सासू आणि नवरा ते करतात तेव्हा तिच्या बाजूनं त्या घरात जाऊन बोलणारं कुणी नको का?

आणि पुरुषांना कुणीच काही विचारत नाही. बाटली घरात आणणारा तो, तंबाखू आणणारा तो, गोळ्या आणणारा तो. तपासणीच्या खोलीबाहेर मोटारसायकलवर बसलेला असतो. त्याला आत बोलावून दोन शब्द सांगितल्याचं मी फार कमी वेळा पाहिलं.

समाजसेवा कार्यकर्ती काय करणार, असं त्या बैठकीत एकानं विचारलं होतं. मी काय करत होते तेच सांगते. मला त्याचं शिक्षण नव्हतं, त्याचा मोबदलाही नव्हता. मी आधी माझं सांगायची. माझ्या त्या नऊ दिवसांच्या मुलाचं सांगायची. मग विचारायची, “दिवसातनं किती वेळा लागती? उठल्या उठल्या लगेच, का चहा झाल्यावर?” बाई सकाळच्या पहिल्या मिसरीला सगळ्यांत घट्ट धरून असते, म्हणून तिला हात लावायचा नाही. दुपारची आधी सोडायची. कशासाठी लावते ते शोधायचं. दाढ दुखते म्हणून लावत असेल तर ग्रामीण रुग्णालयात दाताच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन जायची. पोट साफ होत नाही म्हणून असेल तर त्याचा उपाय सिस्टरला विचारून करायचा. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाला कडक होतं, हे बाईला सांगितलेलं नसतं, मग ती गोळ्या सोडते आणि मिसरी वाढवते! तल्लफ आली की तोंडात लवंग नाही तर बडीशेप. जावेला विश्वासात घ्यायचं, सासूलाही, कारण मिसरीची डबी बहुतेक घरात सासूची असते. सासूनं आपली डबी सुनेच्या नजरेआड ठेवली तरी अर्धं काम होतं. काही जणींची पूर्ण सुटली. पुष्कळ जणींची निम्म्यावर आली. बाळंतपणानंतर परत धरणाऱ्याही होत्या. त्यांच्याकडे मी परत जायची. परत धरली म्हणून बाई वाया गेली असं होत नाही.

हे मिसरीचं झालं. दारू, गोळ्या, गर्द, एमडी यांना माझ्यासारखीचं बोलणं पुरत नाही. तिथं डॉक्टर लागतात, आणि बाईला डॉक्टरांपर्यंत नेणारी, तिच्याबरोबर केसपेपरच्या रांगेत उभी राहणारी, घरी जाऊन सासूशी बोलणारी, बाळंतपणानंतर सहा महिने दार वाजवणारी शिकलेली बाई लागते. जागतिक आरोग्य संघटनेनं गरोदरपणातल्या तंबाखूवर २०१३ मध्ये आणि दारू व अमली पदार्थांवर २०१४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. प्रत्येक गरोदर बाईला, प्रत्येक तपासणीत, तंबाखू-दारू-अमली पदार्थांबद्दल विचारा असं त्यात आहे. दारूची सवय जुनी असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवा, झोपेच्या गोळ्या हळूहळू कमी करा. अफूच्या जातीचं व्यसन असेल तर गरोदरपणात एकदम तोडू नका, औषधावर स्थिर ठेवा. आणि तिला हिणवू नका, तिची गोष्ट बाहेर जाऊ देऊ नका. ‘आधी सोडून ये’ हे त्यात कुठंही नाही.

आपल्याला हे जमणार नाही असं कुणी म्हणू नये. एचआयव्हीच्या काळात याच जिल्ह्यानं काय केलं ते आठवा. तेव्हाही लोक ‘असल्या बायका’ म्हणायचे. १९९२ पासून संग्राम संस्थेनं ज्यांना समाज तोंडावर दार लावत होता त्याच, देहविक्री करणाऱ्या बायांना कार्यकर्त्या केलं. नंतर सरकारनं प्रत्येक गरोदर बाईची एचआयव्ही तपासणी सुरू केली, ग्रामीण रुग्णालयांत समुपदेशक बसवले, वेगळी खोली दिली, गुप्तता शिकवली. आज गरोदर बाई त्या खोलीत जाते तेव्हा तिच्याकडे कुणी वळूनही बघत नाही. शेजारच्या साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी परिवर्तन व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. माणसं आहेत, अनुभव आहे. गरोदर बाईसाठी ते एकत्र आणणं तेवढं राहिलं आहे.

माझ्या मागण्या अशा :

१. गरोदर मातेच्या पहिल्या नोंदणीपासून प्रत्येक तपासणीत तीन प्रश्न सक्तीचे करा : मिसरी-तंबाखू, दारू, गोळ्या किंवा इतर नशा. ‘व्यसन आहे का’ असं विचारू नका, ‘मिसरी लावता का, दिवसातून किती वेळा’ असं विचारा. विचारताना खोलीत दुसरं कुणी नको, नवरा आणि सासूही नको.

२. प्रत्येक तालुक्याला एक समाजकार्य शिकलेली कार्यकर्ती द्या, फक्त या कामासाठी. मोठ्या रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात, पण योजनांचे कागद आणि बेवारस रुग्ण यांतून त्यांना गावात यायला वेळ मिळत नाही. ही बाई गावात फिरणारी हवी. नेमताना स्वतः यातून बाहेर आलेल्या बायांना मदतनीस म्हणून घ्या आणि त्यांना मानधन द्या.

३. जिल्ह्यात एका सरकारी रुग्णालयात व्यसनी गरोदर बाईसाठी दोन-तीन खाटा ठेवा. स्त्रीरोग तज्ज्ञ आणि मानसोपचार तज्ज्ञ तिला एकत्र पाहतील, आणि बाळंतपणानंतर बाळ तिच्याजवळच राहील. ‘गरोदर आहे’ या कारणावरून कुठल्याही व्यसनमुक्ती केंद्रानं आणि ‘व्यसन आहे’ या कारणावरून कुठल्याही दवाखान्यानं बाईला परत पाठवू नये, असं लेखी परिपत्रक काढा.

४. दर महिन्याच्या नऊ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. त्या दिवशी ही कार्यकर्ती तिथं बसलेली हवी. गळीत हंगामात ती टोळ्यांच्या कोपीवर गेलेली हवी. कारखान्यांना आणि मुकादमांना तशी सूचना द्या, आणि तपासणीला गेलेल्या गरोदर बाईचा खाडा धरायचा नाही हेही त्यात लिहा.

५. आशा, सिस्टर, अंगणवाडीताई, केसपेपर लिहिणारे, वॉर्डातल्या मावशी, सगळ्यांना यावर एक दिवसाचं प्रशिक्षण द्या. आशांना या कामाचा मोबदला द्या. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११२-३५६, नशामुक्तीसाठी १४४४६, मनाच्या त्रासासाठी १४४१६ हे फुकट फोन नंबर प्रत्येक उपकेंद्रावर ठळक लावा. माझ्या ओळखीतल्या किती बायांना ते माहीत आहेत हे मी विचारून पाहिलं. एकीलाही माहीत नव्हते.

६. ज्या बाईचं बाळ घरच्यांनी व्यसनाच्या नावाखाली तोडून ठेवलं आहे, तिच्या बाजूनं बोलायला महिला व बाल विकास विभागानं माणूस नेमून द्यावा. यात मी एका विशिष्ट पोरीबद्दल बोलते आहे हे तुमच्या लक्षात आलं असेल. तिची संमती घेऊनच हे लिहिलं आहे.

यातल्या पहिल्या आणि पाचव्या मागणीला फारसे पैसे लागत नाहीत. पुढच्या महिन्यापासून सुरू करता येतील. दुसरी आणि तिसरी नियोजन समितीच्या पुढच्या आराखड्यात घाला.

प्रशिक्षणाला माझी गरज असेल तर मी येईन, एसटीनं येईन, मानधन नको. माझ्याबरोबर मिसरी सोडलेल्या चार जणी यायला तयार आहेत. त्यांतली एक ऊसतोडीची आहे, ती हंगाम संपल्यावरच येऊ शकेल.

उत्तर लेखी पाठवा. ते आले की मी ते आमच्या अंगणवाडीच्या दारावर लावणार आहे. तिथं दर महिन्याला गरोदर बाया वजन करायला येतात.

आपली,
एक माजी आशा
पलूस तालुका, जि. सांगली